डिस्चार्ज कार्डावर मेंदूची बाजू लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पक्षाघाताचा झटका म्हटला की घरच्यांचे लक्ष हातापायांकडे आणि वाचेकडे जाते. नजरेकडे क्वचितच कुणी बघते. मेंदूच्या अगदी मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तर रुग्ण चालतो, बोलतो, घास स्वतःच्या हाताने खातो, आणि तरी समोरचे अर्धे जग त्याला दिसत नाही. अशा रुग्णाची नोंद इस्पितळाच्या कागदावर कशी होते, ती कुठे चुकते आणि नीट व्हायला काय लागते, यासाठी हे पत्र. रुग्णालयाच्या नोंदी ठेवणे आणि आजारांना कोड देणे हे आम्हा पत्रलेखकांचे रोजचे काम आहे. डोळ्यापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या दृष्टिमार्गाच्या आजारांना जितक्या सहज चुकीचा कोड पडतो, तितका फार थोड्या दुखण्यांना पडत असेल.

कोड म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणातला क्रमांक. आपल्याकडे चालते ती त्याची दहावी आवृत्ती, आयसीडी-१०. ती १९९० मध्ये मंजूर झाली. मेडिक्लेमच्या दाव्याचा जो भाग इस्पितळाने भरायचा असतो, त्यात मुख्य निदान, जादा निदान आणि सोबतचे आजार यांच्यापुढे हेच क्रमांक मागितलेले असतात. नवव्या आवृत्तीत डोळा, कान आणि मज्जासंस्था एकाच प्रकरणात होते. दहावीत डोळ्याला स्वतंत्र प्रकरण मिळाले, एच०० ते एच५९. मेंदू आणि मज्जातंतूंचे आजार ‘जी’ अक्षराखाली राहिले आणि पक्षाघात रक्ताभिसरणाच्या ‘आय’ अक्षराखाली गेला. या वाटणीत डोक्याच्या मागच्या बाजूचा, नजरेचे काम करणारा मेंदूचा भाग डोळ्याच्या प्रकरणात आला. नवखा कोडर तो ‘जी’मध्ये शोधतो, सापडला नाही की ‘मेंदूचा अन्य विकार’ लिहून मोकळा होतो. डोळ्यांच्या दवाखान्यातला कोडर नजरेतल्या दोषांच्या एच५३ आणि एच५४ च्या पलीकडे जात नाही. दोघांच्या मध्ये दृष्टिमार्गाच्या एच४७ चे पान उघडायचे राहून जाते.

ते पान नीट वाचण्यासारखे आहे, कारण त्याचे उपविभाग दृष्टिमार्गाच्या शरीररचनेच्या क्रमानेच लावलेले आहेत. एच४७.० ते एच४७.३ म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, आणि तिचे डोळ्याच्या पडद्यावर दिसणारे टोक: नर्व्हचे इतर विकार, सूज, पांढरी पडलेली नर्व्ह वगैरे. एच४७.४ म्हणजे ऑप्टिक कायाझम, दोन्ही डोळ्यांच्या नर्व्ह जिथे एकमेकींना भेटतात आणि प्रत्येकीतले नाकाकडच्या बाजूचे तंतू पलीकडे जातात तो चौक. एच४७.५ म्हणजे त्या चौकाच्या मागचा रस्ता: ऑप्टिक ट्रॅक्ट, जेनिक्युलेट केंद्र आणि तिथून मागे पसरणारे ऑप्टिक रेडिएशन. एच४७.६ म्हणजे रस्ता जिथे संपतो तो व्हिज्युअल कॉर्टेक्स. एच४७.७ म्हणजे ‘दृष्टिमार्गाचा विकार, जागा सांगितलेली नाही’. हा शेवटचा कोड नाइलाजाचा आहे. एमआरआयच्या रिपोर्टात ‘डावा ऑक्सिपिटल लोब’, म्हणजे मेंदूचा डावीकडचा मागचा भाग, असे स्वच्छ लिहिलेले असताना तो पडत असेल, तर कुणीतरी रिपोर्ट उघडलाच नाही असे समजावे.

एच४७ मार्गाची जागा सांगतो. नजरेत काय उणे झाले ते एच५३ आणि एच५४ मध्ये आहे. अर्धी नजर जाणे, म्हणजे हेमिॲनोपिया, किंवा पाव नजर जाणे, हे एच५३.४ खाली येते. दृष्टिदोषाची पातळी एच५४ मध्ये. आणि हे सगळे ज्यामुळे झाले ते कारण बहुतेक वेळा तिसऱ्याच प्रकरणात असते: पक्षाघात आय६३, गाठ ‘सी’ किंवा ‘डी’मध्ये, क्षय ‘ए’मध्ये, अपघात ‘एस’मध्ये. जागा, परिणाम आणि कारण, तिन्ही लागतात. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक कागदांवर यातले एकच असते.

सर्वाधिक गोंधळ होतो तो डाव्या-उजव्याचा. रुग्ण ओपीडीत येऊन सांगतो, ‘उजव्या डोळ्याने दिसत नाही.’ केसपेपरवर तेच उतरते, आणि कोडर एच५४.४, म्हणजे एका डोळ्याचे अंधत्व, असा कोड देतो. प्रत्यक्षात त्याचा उजवा डोळा धडधाकट असतो. त्याला दोन्ही डोळ्यांनी उजवीकडचे दिसत नाही, आणि माणूस ते ‘उजवा डोळा गेला’ असेच बोलून दाखवतो. तपासायला एक मिनिट पुरते. रुग्णासमोर साधारण एक मीटरवर बसावे, त्याला आधी एक डोळा झाकायला सांगून आपल्या नाकाकडे बघायला लावावे, आणि चारही कोपऱ्यांत बोटे दाखवून किती दिसतात ते विचारावे. मग दुसऱ्या डोळ्याचे तसेच. दोन्ही वेळा उजवीकडची बोटे हुकली तर दोष डोळ्यात नाही, डाव्या मेंदूत आहे. उजवीकडचे दृश्य दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांच्या डाव्या अर्ध्यावर पडते आणि तिथले तंतू कायाझमनंतर एकत्र येऊन डाव्या मेंदूत जातात, म्हणून असे होते.

पुणे, नवी मुंबई, नागपूर इथले जे तरुण अमेरिकी इस्पितळांचे कोडिंग करतात त्यांच्यासाठी हा मुद्दा आणखी नाजूक आहे, कारण अमेरिकेतली सुधारित आवृत्ती, आयसीडी-१०-सीएम, कोडातच बाजू मागते. ती तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. तिच्यात बाजू या शब्दाचा अर्थ कोडागणिक बदलतो. ऑप्टिक नर्व्हच्या कोडात ‘उजवा’ म्हणजे उजवा डोळा. एच५३.४६ च्या मालिकेत ‘उजवी बाजू’ म्हणजे नजरेच्या क्षेत्राची उजवी बाजू. एच४७.६ च्या मालिकेत ‘उजवी बाजू’ म्हणजे मेंदूची उजवी बाजू, आणि तसे शब्द कोडाच्या वर्णनात छापलेलेही आहेत. आता एकच रुग्ण घ्या. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या डाव्या पोस्टिरिअर सेरेब्रल आर्टरीत अडथळा, त्यामुळे डाव्या ऑक्सिपिटल लोबमध्ये इन्फार्क्ट, म्हणजे रक्ताअभावी मेलेला भाग, त्यामुळे उजवीकडची नजर गेली. कोड असे पडतात: पक्षाघात आय६३.५३२, व्हिज्युअल कॉर्टेक्सचा रक्तवाहिनीमुळे झालेला विकार एच४७.६४२, उजवा समनामी हेमिॲनोपिया (दोन्ही डोळ्यांत एकाच, उजव्या बाजूची नजर जाणे) एच५३.४६१. पहिल्या दोघांचा शेवट २ ने, म्हणजे डावा, आणि तिसऱ्याचा १ ने, म्हणजे उजवा. वरवर बघणाऱ्याला ही चूक वाटते. तपासणीस ती ‘दुरुस्त’ करून तिन्ही एकाच बाजूचे करून टाकतो, आणि बरोबर असलेली नोंद बिघडते. आमचे सांगणे असे, की हे तीन कोड एकत्र आले आणि तिघांची बाजू एकच दिसली, तरच फाईल परत उघडावी.

त्याच आवृत्तीत दोन्ही बाजूंच्या कॉर्टिकल अंधत्वासाठी, म्हणजे डोळे चांगले असून व्हिज्युअल कॉर्टेक्समुळे आलेल्या अंधत्वासाठी, एकच असा कोड नाही. एच४७.६११ उजव्या मेंदूचा, एच४७.६१२ डाव्या मेंदूचा, आणि एच४७.६१९ बाजू न सांगितलेला. दोन्ही बाजू बाधित असतील तर पहिले दोन्ही द्यायचे असतात. दुहेरी कोड नसेल तिथे डावा आणि उजवा वेगळे द्यावेत हा त्या वर्गीकरणाचा सर्वसाधारण नियमच आहे. सवयीने ९ वर संपणारा कोड टाकला जातो आणि ‘बाजू माहीत नाही’ अशी नोंद होते. वास्तविक बाजू माहीत असते, दोन्ही असतात.

संक्षेपांबद्दलही लिहायला हवे. डिस्चार्ज कार्डावर ‘राइट हेमि’ असे दोनच शब्द असतात. हेमि म्हणजे हेमिप्लेजिया की हेमिॲनोपिया? कोडर ओळखीचा अर्थ घेतो, जी८१ देतो, आणि ज्या माणसाचा हातपाय एक दिवसही लुळा पडला नाही तो कागदोपत्री अर्धांगवायूचा रुग्ण होतो. डॉक्टरांनी चार अक्षरे जादा लिहिली तर हे टळते.

डोळ्यांच्या बाजूने होणारी चूक वेगळी. फील्ड टेस्टचा, म्हणजे पेरिमेट्रीचा कागद समोर धरावा. दोन गोल, डावा डोळा डावीकडे, उजवा उजवीकडे. काळा पडलेला भाग कोणत्या रेषेवर थांबतो ते आधी बघावे. काचबिंदूत नुकसान सहसा आडव्या मध्यरेषेला धरून होते, खाली किंवा वर कमानीसारखे. कायाझम आणि त्याच्या मागच्या आजारांत काळा भाग उभ्या मध्यरेषेवर, पट्टीने कापल्यासारखा थांबतो. दोन्ही गोलांत एकाच बाजूचा अर्धा काळा असेल तर दोष कायाझमच्या मागे. दोन्ही गोलांत बाहेरचा, कानाकडचा अर्धा काळा असेल तर दोष कायाझममध्येच, आणि तिथे पहिली शंका पिच्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या गाठीची घ्यावी. अशा रुग्णाला काचबिंदूचा एच४० कोड पडून वर्षानुवर्षे थेंब चालू राहण्याचा धोका खरा आहे. योग्य नोंद म्हणजे पिच्युटरीच्या साध्या गाठीसाठी डी३५.२, कायाझमसाठी एच४७.४ आणि क्षेत्रदोषासाठी एच५३.४. अमेरिकी आवृत्तीत शेवटचे दोन एच४७.४२ आणि एच५३.४७ होतात.

पाव नजर गेली असेल तर ती वरची की खालची हे लिहिल्याने जागा अधिक नेमकी कळते. रेडिएशनचे खालचे तंतू कानाजवळच्या टेम्पोरल लोबमधून वळसा घालून जातात, ते तुटले की वरची पाव नजर जाते. त्याच्या वरच्या पॅरायटल लोबमधून जाणारे तुटले की खालची जाते. टेम्पोरल लोबची गाठ सी७१.२, पॅरायटलची सी७१.३, ऑक्सिपिटलची सी७१.४. म्हणजे फील्डचा कागद आणि गाठीचा कोड एकमेकांशी जुळतात की नाही, हे रेकॉर्ड रूममध्ये बसूनही पडताळता येते. वरच्या पाव नजरेची नोंद आणि पॅरायटल गाठीचा कोड एकाच फाईलमध्ये दिसले तर फाईल डॉक्टरांकडे परत पाठवावी. कोडरने स्वतःच्या मनाने काही बदलू नये.

आपल्याकडे खूप महत्त्वाचा आणि तरी नोंदीत हमखास सपाट होणारा विषय म्हणजे क्षयरोगाचा मेनिंजायटिस, मेंदूच्या आवरणाचा दाह. या रुग्णाची नजर गेली तर चार निरनिराळ्या वाटांनी गेलेली असू शकते. मेंदूतला दाब वाढून ऑप्टिक नर्व्हच्या टोकाला सूज आली असेल, तर एच४७.१. कायाझमभोवती चिकट आवरण साचून तो आवळला गेला असेल, तर जागा एच४७.४ ची. मेंदूच्या तळच्या रक्तवाहिन्यांना दाह होऊन मागच्या भागात इन्फार्क्ट झाला असेल, तर एच४७.६. आणि क्षयावरच्या इथॅम्ब्युटॉल या औषधानेच नर्व्हला इजा झाली असेल, तर एच४६, सोबत औषधाच्या दुष्परिणामासाठी वाय४१.१. मूळ आजार चारही ठिकाणी ए१७.०. पण चौथ्या वाटेचा उपाय इथॅम्ब्युटॉल ताबडतोब थांबवणे हा आहे, पहिल्या तिघांत तसे नाही. ‘क्षयाच्या मेनिंजायटिसमुळे दृष्टी कमी’ एवढे लिहून ए१७.० आणि एच५४.९, म्हणजे तपशील नसलेला दृष्टिदोष, दिले, की पुढच्या डॉक्टरला औषध थांबवले होते ते कशासाठी, हे कळायला मार्ग उरत नाही. इथे वर्गीकरणाचीही एक अडचण आहे. मूळ आजार दुसऱ्या प्रकरणात असेल तेव्हा जागतिक आवृत्तीत एच४८.८ हा तारांकित कोड वापरायचा असतो. तो ऑप्टिक नर्व्ह आणि सगळा दृष्टिमार्ग एकाच पोत्यात भरतो. म्हणून जागा सांगणारा एच४७ चा कोड जादा निदानात लिहावा, असे आमचे मत आहे. तारांकित कोड मुख्य निदानाच्या जागी एकटा कधीही टाकू नये. तो नेहमी कारणाच्या, कट्यारीच्या खुणेच्या कोडाला जोडूनच येतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातला रेट्रोबल्बर न्यूरायटिस, म्हणजे डोळ्यामागच्या ऑप्टिक नर्व्हचा दाह, जी३५ आणि एच४८.१ असा जोडीनेच लिहितात, तो याच कारणाने.

अपघातातल्या जखमींची नोंद एच४७ मध्ये करू नये. डोळ्याच्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच जखमा वगळल्याचे लिहिले आहे. ऑप्टिक नर्व्ह आणि दृष्टिमार्गाच्या इजेसाठी एस०४.० आहे. अमेरिकी आवृत्तीत त्याचेही नर्व्ह, कायाझम, ट्रॅक्ट आणि कॉर्टेक्स असे चार भाग पाडले आहेत. हेल्मेट न घालता पडलेल्या दुचाकीस्वाराच्या डोक्याच्या मागच्या भागाला मार लागून नजर गेली तर कोड तिथला, आणि सोबत अपघाताच्या प्रकाराचा.

गरोदरपणातल्या झटक्यांत, एक्लॅम्प्सियात, मेंदूच्या मागच्या भागाला सूज येऊन बाईला एकाएकी काहीच दिसेनासे होते. हे बहुतेक वेळा काही दिवसांत भरून येते. मुख्य कोड ओ१५ च्या मालिकेतला, झटका बाळंतपणाआधी, कळांमध्ये की नंतर आला त्याप्रमाणे. एच४७.६ जादा. नजर परत आल्यावर पुढच्या भेटींच्या कागदांवर तो तसाच उतरवत राहू नये. जुना कोड नव्या कागदावर नकलण्याची सवय रेकॉर्ड रूमला आहे, आणि बरी झालेली बाई त्यामुळे कागदावर आंधळी राहते.

कॉर्टिकल अंधत्व ओळखताना एक गफलत अशी होते, की बाहुल्यांची उजेडाला प्रतिक्रिया अगदी व्यवस्थित असते. तो तंतूंचा फाटा जेनिक्युलेट केंद्राच्या आधीच वेगळा होऊन मेंदूच्या खोडाकडे जातो, म्हणून मागचा कॉर्टेक्स पूर्ण गेला तरी बाहुली आकसते. पडदाही स्वच्छ दिसतो. मग ‘डोळे नॉर्मल’ असा शेरा पडतो आणि कोड झेड०१.०, म्हणजे नेत्रतपासणी, इतकाच. त्याहून वाईट म्हणजे एफ४४.६, मानसिक कारणाने संवेदना हरवल्याचा कोड. काही रुग्ण स्वतःला दिसत नाही हेच मान्य करत नाहीत, खोलीत नसलेल्या वस्तूंचे वर्णन करतात. याला अँटन सिंड्रोम म्हणतात आणि तो मेंदूच्या इजेचाच भाग आहे. एमआरआय होण्याआधी एफ४४.६ लिहू नये, एवढे तरी पाळले जावे.

डाव्या ऑक्सिपिटल लोबच्या इन्फार्क्टमध्ये आणखी एक लक्षण नोंदीतून निसटते. मेंदूचे दोन भाग जोडणाऱ्या पुलाचे मागचे टोकही त्यात गेले, तर माणूस लिहू शकतो पण वाचू शकत नाही. स्वतःचे नाव वळणदार अक्षरांत लिहितो, कागद फिरवून समोर धरला की ते त्याला लागत नाही. याला आर४८.० हा वेगळा कोड आहे. तो दिला नाही तर घरच्यांना वाटते चष्म्याचा नंबर बदलला, आणि एकामागून एक चष्मे होतात. उजवी नजर गेलेल्याला वाचता येते, पण डावीकडून उजवीकडे सरकताना पुढचा शब्द दिसत नाही, म्हणून तो अडखळतो. डावी नजर गेलेल्याला ओळ संपल्यावर पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही. समासाशी लाल पट्टी उभी ठेवली तर हे बरेच सोपे जाते.

मुलांकडे वळतो, कारण सगळ्यात लांबचा परिणाम तिथे आहे. जन्मावेळी प्राणवायू कमी पडणे आणि जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत रक्तातली साखर खाली जाणे, या दोन्हींनी मेंदूच्या मागच्या भागाला इजा होते. नवजाताच्या साखरेची इजा तर ऑक्सिपिटल भागालाच विशेष करून होते. नोंद करताना कारणासाठी पी९१.६ किंवा पी७०.४, जागेसाठी एच४७.६. मूल मोठे झाले की फाईलवर फक्त जी८० राहते, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, आणि नजर कागदावरून गायब होते. तिरळेपणा असेल तर एच५० दिसतो, कारण तो सगळ्यांना दिसतो. अशी मुले पूर्ण आंधळी बहुधा नसतात. हलणारी वस्तू त्यांना दिसते, थांबलेली दिसत नाही. एकटा पिवळा चेंडू दिसतो, खेळण्यांच्या ढिगातला दिसत नाही. जागतिक आवृत्तीत यासाठी वेगळा कोड नाही, अमेरिकी आवृत्तीत ‘कॉर्टिकल अंधत्व’ हाच कोड वापरावा लागतो, आणि ‘अंधत्व’ हा शब्द वाचून आईवडील मुलाला रंग, प्रकाश, खेळणी दाखवणेच सोडून देतात. कोड तोच ठेवून, शेजारी ‘अंशतः दिसते’ असे शब्दांत लिहायला डॉक्टरांना कुणी अडवलेले नाही.

झटक्याला वर्ष होऊन गेले की नोंदीचा नियम बदलतो, आणि इथे दोन्ही आवृत्त्यांत फरक आहे. जागतिक आवृत्तीत, रुग्ण उरलेल्या अर्ध्या नजरेसाठी येत असेल तर मुख्य निदान एच५३.४, आणि जुन्या पक्षाघाताचा मागे उरलेला परिणाम म्हणून आय६९.३ जादा. झटक्याला एक वर्ष किंवा जास्त झाले असेल तर ‘मागे उरलेला परिणाम’ हे शब्द कागदावर नसले तरी आय६९ धरतात. अमेरिकी आवृत्तीत वर्षाची अट नाही. पक्षाघातानंतरच्या दृष्टिदोषाचा उल्लेख आय६९.३९८ खालीच आहे, आणि तो आधी लिहून मग एच५३.४६१ किंवा ४६२ द्यायचा. तीन वर्षांपूर्वीच्या झटक्याच्या रुग्णाला दर भेटीत आय६३ देणे म्हणजे त्याला दर भेटीत नवा झटका येणे. दावा त्यामुळे अडकतो, आणि आकडेवारीत एका माणसाचे पाच पक्षाघात मोजले जातात.

आता दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा प्रश्न. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ नुसार अंधत्व म्हणजे चांगल्या डोळ्याची, चष्म्यासह, दृष्टी ३/६० पेक्षा कमी किंवा नजरेचे क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी. कमी दृष्टीची मर्यादा ६/१८ पासून ३/६० पर्यंत, किंवा क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत. अर्धी नजर गेलेला माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो, ६/६ येते, आणि त्याला परत पाठवले जाते. केंद्राच्या २०१८ च्या मूल्यमापन सूचनांमध्ये (त्यांच्या जागी २०२४ मध्ये नव्या सूचना आल्या) मात्र कमी दृष्टीच्या गटात ‘मॅक्युला बाधित करणारा हेमिॲनोपिया’ हे शब्द होते. मॅक्युला म्हणजे नजरेचा मध्यबिंदू. ऑक्सिपिटल लोबच्या टोकाला दोन रक्तवाहिन्यांकडून रक्त मिळत असल्यामुळे पुष्कळ रुग्णांत हा मध्यबिंदू वाचतो. वाचला की नाही हे नेहमीच्या २४-२ किंवा ३०-२ फील्डवर नीट कळत नाही, कारण त्यातले बिंदू ६ अंशांच्या अंतराने असतात. १०-२ चाचणीत मधल्या १० अंशांतच ६८ बिंदू असतात, ती करून घ्यावी. दाखल्यासाठी वैद्यकीय बोर्डासमोर जाणाऱ्याने दोन्ही प्रिंट, एमआरआयचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड बरोबर न्यावे. कार्डावर एच५४.९ असेल तर बोर्डाला त्यातून काहीच कळत नाही.

वाहन परवान्याचेही तेच. अर्जदाराच्या फॉर्ममध्ये २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, असा प्रश्न आहे. अर्धी नजर गेलेला माणूस ती वाचतो आणि खरे उत्तर देतो. उजवीकडून आलेली रिक्षा मात्र त्याला दिसत नाही.

अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. तिच्यात पक्षाघात मज्जासंस्थेच्या प्रकरणात आला आणि कारण, जागा, बाजू हे कोड एकमेकांना जोडून साखळी करता येते. यंत्रणा चांगली आहे. पण साखळीत घालायचे शब्दच कार्डावर नसतील तर तिथेही ‘जागा सांगितलेली नाही’ हाच कोड पडेल. तेव्हा न्यूरॉलॉजी, न्यूरोसर्जरी, नेत्र आणि बालरोग विभागांतल्या डॉक्टरांना विनंती अशी: अंतिम निदानात एक पूर्ण वाक्य लिहा. उदाहरणार्थ, ‘डाव्या पोस्टिरिअर सेरेब्रल आर्टरीच्या अडथळ्यामुळे डाव्या ऑक्सिपिटल लोबमध्ये इन्फार्क्ट, दोन्ही डोळ्यांत उजवीकडची अर्धी नजर गेली, मध्यबिंदू शाबूत, दोन्ही डोळे ६/६.’ यातून वरचे सगळे कोड रेकॉर्ड रूममधला माणूस फोन न करता काढू शकतो. रुग्णाच्या नातेवाइकांनी घरी जाण्याआधी कार्डावर ‘डावा’ किंवा ‘उजवा’ कशाला उद्देशून लिहिले आहे, डोळ्याला, नजरेला की मेंदूला, हे वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारावे आणि तो शब्द त्याच वेळी, त्यांच्या सहीने, कार्डावर घालून घ्यावा. एकदा फाईल रेकॉर्ड रूमला गेली की दुरुस्तीसाठी अर्ज करावा लागतो, आणि तोवर दावा त्याच जुन्या कोडाने पुढे गेलेला असतो.

आपले,
रुग्णालयीन नोंदी व मेडिकल कोडिंगचे काम करणारे काही वाचक